रक्तसिंचनाचे प्रतिमादर्शन : स्तनपुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेतील एक प्रश्न

कोयनानगर येथील शिवसागर जलाशय काठोकाठ भरला, एवढ्यावरून आटपाडीच्या एखाद्या शेतातील पीक भिजले असा निष्कर्ष कोणी काढीत नाही. धरणातून पूर्वेकडे सोडलेले पाणी कोयनेच्या पात्राने कऱ्हाडास येते, तेथे कृष्णेस मिळते, पुढे टेंभू येथे पंपांनी उचलले जाते आणि मग मुख्य कालवा, वितरिका व शेतचारी अशा क्रमाने दुष्काळी टापूत पोचते. या साखळीतील प्रत्येक दुव्याची चौकशी निराळी असते. धरणात पाणी किती आहे, कालवा वाहता आहे की नाही, आणि शेताच्या शेवटच्या वाफ्यात ओल आली की नाही, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे समाधानकारक आली म्हणून तिसऱ्याचेही तसेच येईल, असा नियम नाही.

मानवी देहातील रक्ताची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. हृदय सशक्त असावे, रक्तदाब योग्य असावा, मोठी रोहिणी बोटाखाली ठणठणीत लागावी, आणि तरीही त्वचेचा एखादा कोपरा रक्तावाचून काळा पडावा, असे घडू शकते. कर्करोगामुळे काढून टाकलेला स्तन पुन्हा घडविण्याच्या शस्त्रक्रियेत या गोष्टीस विशेष महत्त्व येते. कारण त्या शस्त्रक्रियेचे सारे यश एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेलेल्या, अथवा खालचा आधार काढून घेतलेल्या, ऊतकाच्या कडेपर्यंत रक्त पोचते की नाही यावर अवलंबून असते. हे पोचणे डोळ्यांस दिसावे यासाठी जी प्रतिमादर्शनाची साधने आज वापरली जातात, त्यांचे तत्त्व, उपयोग आणि मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. विषय शल्यशास्त्राचा असला, तरी त्यातील पुष्कळसा घोटाळा शब्दांच्या ढिलाईतून उद्भवतो, हेही ओघाने ध्यानी येईल.

ऊतकपट आणि त्याचा देठ

प्रथम दोन संज्ञांचा उलगडा करणे अवश्य आहे. शरीराच्या एका भागावरील त्वचेचा पातळ थर पूर्णपणे सुटा करून दुसऱ्या भागावर बसविला, तर त्यास त्वचारोपण म्हणतात. असा थर सुरुवातीस स्वतःचे रक्त आणीत नाही. तो ज्या जखमेवर बसविला तिच्यातून झिरपणाऱ्या द्रवावर पहिले काही दिवस काढतो आणि नंतर तेथील केशवाहिन्या त्याच्यात शिरतात. याउलट जाड ऊतक, म्हणजे त्वचा, तिच्याखालील चरबी आणि क्वचित स्नायूही, एकत्र हलवावयाचे असेल तर झिरपण्यावर भागत नाही. त्याला स्वतःची रोहिणी आणि स्वतःची नीला लागते. शस्त्रक्रियागृहात ज्यास 'फ्लॅप' म्हणतात त्या या दुसऱ्या प्रकारास येथे 'ऊतकपट' असे म्हटले आहे. आणि ज्या अरुंद भागातून त्याचे रक्त येते-जाते त्यास 'देठ' हा मराठीतील रूढ शब्द पुरेसा आहे. फळ देठावर जगते, तसा पट आपल्या देठावर जगतो.

या देठाचे मर्म महाराष्ट्रास नवे नाही. १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक मराठी बैलहाक्या टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली होती. त्या रुग्णाचे चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने काढले आणि हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात प्रसिद्ध झाली. तीवरून लंडनचे शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

त्या कारागिराची रीत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकारात बेतून तो कपाळावर सपाट ठेवावयाचा, त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढी कातडी सोडवावयाची, परंतु दोन डोळ्यांच्या मध्ये एक लहानशी पट्टी न कापता राखावयाची. ही पट्टी म्हणजेच देठ. कातडी पिळून खाली वळवून नाकाच्या जागी बसविली, की तिचा नव्या जागेशी सांधा जुळेपर्यंत रक्त त्या देठातूनच येत राहावयाचे. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापण्यात येई. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की रक्त येत आहे याचा पुरावा त्या कारागिरापाशी त्वचेचा रंग, तिची ऊब आणि कापलेल्या कडेतून झिरपणारे रक्त, एवढाच होता. त्याच्या निर्णयातील सर्वांत कठीण भाग म्हणजे पट किती लांब घ्यावा आणि देठ किती रुंद ठेवावा, हा अनुभवाने बसलेल्या नजरेचा भाग होता.

पुढे दीडशेहून अधिक वर्षे शल्यविशारदांनी या नजरेला एका ठोकळ नियमाची जोड दिली : पटाची लांबी त्याच्या रुंदीच्या अमुक पटीहून अधिक नसावी. १९७० साली मिल्टन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की हा नियम भ्रामक आहे. रुंदी वाढविल्याने पट अधिक लांब जगतोच असे नाही. त्याच्या देठातून कोणती रोहिणी जाते, यावर ते ठरते. त्वचेतील रोहिण्यांचा नकाशा कार्ल मानखो यांनी १८८९ मध्ये आणि मिशेल साल्माँ यांनी १९३६ मध्ये काढला होताच. १९८७ साली इयन टेलर व पामर यांनी शरीर हे अशा त्रिमितीय क्षेत्रांचे बनलेले आहे, आणि प्रत्येक क्षेत्राची पालक रोहिणी ठरलेली आहे, ही कल्पना मांडली. एका क्षेत्राची रोहिणी शेजारच्या क्षेत्रास बारीक जोडवाहिन्यांतून रक्त देऊ शकते, परंतु त्यापलीकडच्या तिसऱ्या क्षेत्राबाबत खात्री उरत नाही. लाभक्षेत्र, शेजारचे क्षेत्र आणि शेपटीकडील क्षेत्र ही विभागणी कालव्याच्या प्रदेशात राहणाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही.

स्तनपुनर्रचनेतील दोन प्रसंग

स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे; २०२२ या वर्षात देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. यांतील पुष्कळ स्त्रियांचा संपूर्ण स्तन काढावा लागतो, आणि पुनर्रचना करून घेणाऱ्यांचे प्रमाण आपल्याकडे अल्प आहे. ज्यांची पुनर्रचना होते त्यांच्या बाबतीत रक्ताचा प्रश्न दोन ठिकाणी उभा राहतो.

पहिला प्रसंग छातीवर उरलेल्या त्वचेचा. स्तन काढताना वरची त्वचा राखली, तर तिच्या पोकळीत सिलिकोनचे रोपण किंवा स्वतःचे ऊतक बसविता येते. परंतु आतील ग्रंथी काढताना त्वचेस खालून येणाऱ्या रक्तवाहिन्या तुटतात, आणि ती केवळ कडेने येणाऱ्या रक्तावर जगते. ती फार पातळ राहिली, रुग्ण धूम्रपान करणारी असली, अथवा पूर्वी किरणोपचार झालेले असले, तर मधला भाग काळा पडण्याचे भय असते. त्वचा उकलली की आतील रोपण उघडे पडते, जंतुसंसर्ग होतो आणि रोपण काढून टाकावे लागते. याहूनही गंभीर गोष्ट म्हणजे, जखम भरण्याची वाट पाहताना पुढील औषधोपचार किंवा किरणोपचार लांबणीवर पडतात. कोयनेच्या खोऱ्यातून उपचारासाठी कऱ्हाडास, कोल्हापुरास किंवा मुंबईस गेलेल्या स्त्रीच्या दृष्टीने एक जादा शस्त्रक्रिया म्हणजे आणखी काही आठवडे घरापासून दूर राहणे, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि मूळ रोगावरील उपचारात पडलेला खंड.

दुसरा प्रसंग पोटावरून आणलेल्या ऊतकपटाचा. इटलीतील तान्सिनी यांनी १९०६ मध्ये पाठीच्या स्नायूसह त्वचा छातीवर आणण्याची रीत वर्णिली होती. १९८२ साली हार्ट्राम्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंबीखालील आडवा पट पोटाच्या उभ्या स्नायूसह वर वळविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे जपानचे कोशिमा यांनी १९८९ मध्ये स्नायू जागच्या जागी ठेवून, केवळ त्याला भेदून वर येणाऱ्या शाखेवर तीच त्वचा उचलता येते हे दाखविले, आणि १९९४ साली अमेरिकेतील अ‍ॅलन यांनी ती रीत स्तनपुनर्रचनेस लावली. या शेवटच्या पद्धतीत पट देहापासून पूर्ण सुटा होतो आणि त्याच्या दोनतीन मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतील वाहिन्यांना शिवल्या जातात. स्नायू वाचतो, पोटाची शक्ती टिकते. परंतु सबंध पट एकदोन बारीक शाखांच्या भरवशावर राहतो. त्याचा कोणता भाग ठेवावा आणि कोणता कापून टाकावा, हा निर्णय शस्त्रक्रिया चालू असतानाच घ्यावा लागतो.

पाणी सोडणे आणि पाणी पोचणे

येथे शब्दांची काटेकोर निवड करावी लागते. मराठीत रक्ताभिसरण, रक्तप्रवाह आणि रक्तपुरवठा हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. अभिसरण हे सबंध देहाचे असते. प्रवाह हा एका वाहिनीतील असतो. पुरवठा हा शब्द देणाऱ्याच्या बाजूने बोलतो. परंतु शल्यविशारदास या क्षणी हवे असते ते घेणाऱ्याच्या बाजूचे उत्तर : या चौरस सेंटिमीटर त्वचेतील केशवाहिन्यांपर्यंत रक्त आले का? या अर्थासाठी 'रक्तसिंचन' हा शब्द येथे योजला आहे. सातारा-सांगलीच्या वाचकास सिंचन म्हणजे प्रत्यक्ष मुळाशी पाणी लागणे, हे सांगावे लागत नाही. कालव्याला पाणी सुटले हे एक विधान आणि पाणी पोचले हे दुसरे, हा भेद शेवटच्या टोकाचा शेतकरी कधीही विसरत नाही.

रक्ताची वाटणीही सर्वत्र सारखी नसते. शिवसागराची क्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट आहे. त्यातून वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळविण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने मान्यता दिली, आणि पूर्वेकडील शेतीस बाकीच्यातून मिळते. देहदेखील टंचाईच्या काळी असाच अग्रक्रम लावतो. रुग्ण गारठली, रक्त कमी झाले अथवा रक्तदाब खाली आला, की मेंदू व हृदय यांना वाचविण्यासाठी त्वचेच्या वाहिन्या आकसतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या मेजावर एका क्षणी दिसणारे रक्तसिंचन हे त्या क्षणीच्या वाटणीचे चित्र असते.

प्रतिमादर्शनाची निरनिराळी साधने या साखळीतील निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. शस्त्रक्रियेपूर्वी आयोडिनयुक्त द्रव्य टोचून केलेले रक्तवाहिन्यांचे सी. टी. स्कॅन हे पोटातील भेदक शाखांचा नकाशा देते : शाखा कोठे आहेत, केवढ्या आहेत, स्नायूतून कशा वर येतात. ध्वनिलहरींवर चालणारे डॉपलर यंत्र वाहिनी वाहती आहे की नाही हे सांगते. ही दोन्ही साधने अत्यंत उपयुक्त आहेत. तथापि ती कालव्याविषयी बोलतात, वाफ्याविषयी नव्हे. वाफ्याविषयी सांगणारे साधन रंगद्रव्यावर आधारलेले आहे.

रंगद्रव्याचा माग

वाहत्या पाण्यात रंग सोडून तो कोठे निघतो हे पाहण्याची युक्ती जलशास्त्राची आहे. १८७१ साली आडोल्फ फोन बायर यांनी फ्लुरेसिन हे द्रव्य तयार केले. ते निळा प्रकाश शोषून घेते आणि तेजस्वी हिरवा प्रकाश परत देते. या गुणास अनुस्फुरण म्हणतात. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदीचे जे पाणी पात्रातच जमिनीत गडप होत असे, त्यात सुमारे दहा किलोग्रॅम फ्लुरेसिन सोडण्यात आले. जवळजवळ अडीच दिवसांनी बारा किलोमीटरांवरील आख नदीच्या झऱ्याचे पाणी हिरवे चमकू लागले, आणि दोहोंचा भूमिगत संबंध सिद्ध झाला. हेच द्रव्य शिरेत टोचून त्वचेतील रक्ताचा माग काढता येतो, हे १९४२ साली लांगे आणि बॉइड यांनी मांडले. अंधाऱ्या खोलीत विशिष्ट दिव्याखाली जो भाग हिरवा दिसेल तेथे रक्त पोचले असे समजावयाचे.

फ्लुरेसिनमध्ये एक अडचण होती. त्याचे रेणू केशवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर पाझरतात. त्यामुळे चित्र वाचण्यासाठी दहापंधरा मिनिटे थांबावे लागे, रंग पुष्कळ तास ऊतकात रेंगाळे, आणि थोड्या वेळाने दुसरी चाचणी घेणे अशक्य होई. शिवाय त्याच्या आधारे मृत ठरविलेला भाग पुष्कळदा पुढे जगत असे.

ही अडचण ज्या द्रव्याने दूर केली ते इंडोसायनिन ग्रीन होय. कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेले हे हिरवे द्रव्य १९५०-६० या दशकात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हृदयातून दर मिनिटास किती रक्त बाहेर पडते हे मोजण्यासाठी आणले गेले, आणि १९५९ साली त्यास तेथील शासनाची मान्यता मिळाली. त्याची निवड एका विशेष कारणाने झाली. सुमारे ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ते जोराने शोषते. आणि नेमक्या याच तरंगलांबीच्या आसपास प्राणवायू असलेले व नसलेले हीमोग्लोबिन सारखाच प्रकाश शोषतात. त्यामुळे रक्तातील प्राणवायूच्या कमीअधिक प्रमाणाने मोजणी बिघडत नाही. अनुस्फुरणाच्या गुणाचा शल्यकर्मातील उपयोग मात्र पुढे, योग्य कॅमेरे उपलब्ध झाल्यावर, वाढला.

चित्र कसे उमटते

इंडोसायनिन ग्रीन शिरेत टोचताच रक्तद्रवातील प्रथिनांशी बांधले जाते. प्रथिनांचे रेणू मोठे असल्यामुळे ते रक्तवाहिनीतच राहते, बाहेर फारसे पाझरत नाही. म्हणून ते जेथे दिसेल तेथे वाहिनीतील रक्तच आहे, असे मानता येते. यकृत ते उचलून पित्तात टाकते. रक्तातील त्याचे प्रमाण तीनचार मिनिटांत निम्मे होते. मूत्रपिंडांचा त्यात भाग नसतो. एका चाचणीस काही मिलिग्रॅम एवढीच मात्रा लागते, आणि थोड्या अवधीने चाचणी पुन्हा करता येते. त्याच्या सिद्ध चूर्णात थोडे आयोडाइड असल्यामुळे आयोडिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्या रुग्णाबाबत सावधगिरी बाळगतात. क्वचित तीव्र प्रतिक्रियाही नोंदल्या गेल्या आहेत.

शस्त्रक्रियागृहातील दिवे मंद करून ऊतकावर सुमारे ८०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकला जातो. द्रव्य तो शोषून सुमारे ८३० नॅनोमीटरचा प्रकाश परत देते. दोन्ही मानवी डोळ्यांस अदृश्य. कॅमेऱ्यापुढील गाळणी टाकलेला प्रकाश अडविते आणि परत आलेला तेवढा आत घेते. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर प्रथम मुख्य शाखा उजळते, मग तिच्याभोवती एक प्रकाशवलय पसरते आणि हळूहळू कडेकडे सरकते. टोचल्यापासून साधारण एका मिनिटाच्या आत ही लाट त्वचेत दिसू लागते. पाण्याची पाळी आलेला वाफा भिजत जातो, तसेच हे दृश्य असते.

भारतीय रुग्णांच्या दृष्टीने या पद्धतीचा एक लाभ विशेष आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत निरोगी पटाचे वर्णन 'गुलाबी' असे केलेले आढळते; बोटाने दाबल्यावर पांढरी झालेली त्वचा किती वेळात पुन्हा गुलाबी होते हीही तेथील नेहमीची परीक्षा. ती वर्णने गोऱ्या त्वचेवर बेतलेली आहेत. सावळ्या त्वचेत हे फरक ओळखणे कठीण जाते. त्वचेतील कृष्णरंजक दृश्य प्रकाश जितका शोषते त्या मानाने अवरक्त प्रकाश पुष्कळ कमी शोषते, म्हणून सावळ्या त्वचेतही चित्र वाचनीय राहते.

या चित्रांनी शास्त्राच्या ज्ञानातही भर घातली. पोटावरील पटाचे चार विभाग पाडण्याची पद्धत होती : देठावरील पहिला, मध्यरेषेपलीकडे त्यास लागून असलेला दुसरा, देठाच्याच बाजूस कडेचा तिसरा, आणि पलीकडच्या कडेचा चौथा. रक्त याच क्रमाने पोचते असे मानले जात होते. २००६ साली होल्म व सहकाऱ्यांनी इंडोसायनिन ग्रीनच्या साहाय्याने प्रत्यक्ष रुग्णांत पाहिले, तेव्हा देठाच्या बाजूची कड आधी उजळते आणि मध्यरेषेपलीकडचा भाग त्यानंतर, असे आढळून आले. मध्यरेषा ही रक्तास एक बांधच ठरते. कोणता भाग आधी टाकावा याविषयीचा शल्यविशारदाचा हिशेब या निरीक्षणाने बदलला.

चित्राच्या मर्यादा

इतके स्पष्ट चित्र पुढे आले की त्यालाच निकाल समजण्याचा मोह होतो. उजळ ते जिवंत, काळे ते मृत, हा तो मोह. तो टाळण्यास चार कारणे आहेत.

पहिले कारण असे, की चित्र त्या क्षणाचे असते. स्तन काढताना रक्तस्राव कमी व्हावा म्हणून काही वेळा त्वचेखाली अ‍ॅड्रेनॅलिनयुक्त द्रव भरतात; त्याने वाहिन्या आकसतात आणि निरोगी त्वचाही काळी दिसते. औषधाचा अंमल ओसरला की तेथे रक्त परत येते. अशा वेळी केवळ चित्रावर विसंबून कात्री चालविली, तर जगणारी त्वचा कापली जाते. उशिरा पोचणारे पाणी म्हणजे न पोचणारे पाणी नव्हे.

दुसरे कारण खोलीचे. हा प्रकाश काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर, खोल जातो. वरची त्वचा उजळ दिसत असता खालच्या जाड चरबीतील स्थिती झाकलेली राहू शकते.

तिसरे कारण निचऱ्याचे. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात, वाळवा आणि मिरज तालुक्यांत, पाण्याच्या टंचाईने नव्हे तर पाणी साचून व निचरा न होऊन जमिनी क्षारपड झाल्या, हे सर्वश्रुत आहे. ऊतकपटाचेही तसेच. रोहिणीतून रक्त येत राहिले आणि नीला तुंबली, तर पट सुजतो, जांभळा होतो आणि अखेर मरतो. प्रकाशाची लाट आत आली एवढे पाहून थांबणाऱ्यास हे संकट कळत नाही. उजेड वेळेवर ओसरतो की नाही हेही पाहावे लागते. शिवाय पुष्कळदा नीला नंतर, रुग्ण खाटेवर असताना तुंबते, आणि त्या वेळी शस्त्रक्रियागृहातील चित्र उपयोगाचे नसते. तेथे दर तासाला पट पाहणारी, स्पर्शाने ऊब तपासणारी परिचारिकाच खरी साधन ठरते.

चौथे कारण मोजणीचे. यंत्र उजेडाचे प्रमाण टक्केवारीत देते. परंतु ती टक्केवारी पडद्यावरील सर्वांत उजळ भागाच्या तुलनेने असते. कॅमेऱ्याचे अंतर, कोन, द्रव्याची मात्रा, पाहण्याचा क्षण यांनुसार आकडा बदलतो. किती टक्क्यांखालील त्वचा कापावी, याविषयी निरनिराळ्या अभ्यासकांनी निरनिराळ्या सीमा दिल्या आहेत. २०२० साली कॉक्रेन संस्थेच्या समीक्षकांनी स्तन काढल्यानंतरच्या त्वचेच्या मृत्यूबाबत या पद्धतीचा पुरावा तपासला. यदृच्छया विभागणी केलेली एकही चाचणी त्यांना मिळाली नाही. जे तुलनात्मक अभ्यास होते त्यांवरून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण घटत असावे असे सूचित झाले, परंतु त्या पुराव्याची विश्वसनीयता अत्यंत कमी असल्याचे त्यांनी नमूद केले. यावरून पद्धत निरुपयोगी ठरत नाही. तिचा उपयोग किती हे अद्याप पक्के मोजले गेलेले नाही, एवढेच ठरते.

तगणे

वरील विवेचनातील क्रियापदे एकत्र ठेवली तर प्रश्नाचे स्वरूप स्वच्छ होते. सोडणे, पोचणे, निचरणे आणि तगणे ही ती चार क्रियापदे. हृदय रक्त सोडते. ते पोचले का, हे इंडोसायनिन ग्रीनचे चित्र दाखविते. निचरले का, हे ते काही अंशीच दाखविते. ऊतक तगेल का, हे कोणतेही चित्र दाखवीत नाही. ते अनुमान आहे. ते शल्यविशारदाने चित्र, त्वचेचा रंग, कडेचा रक्तस्राव, रुग्णाचा रक्तदाब, तिचे वय व सवयी, आणि पुढील उपचारांची निकड यांचा मेळ घालून करावयाचे असते. पुण्याजवळील त्या कारागिराला जे अनुमान करावे लागले तेच आजही करावे लागते. मात्र आज त्याच्या हाती एक जादा आणि मोलाचा पुरावा आहे.

या भेदाचे व्यावहारिक परिणाम दोन. पहिला नोंदीसंबंधी. शस्त्रक्रियेच्या टिपणात 'रक्तपुरवठा चांगला' एवढेच लिहिणे अपुरे आहे. द्रव्याची मात्रा, टोचल्यानंतर किती सेकंदांनी पाहिले, त्या वेळचा रक्तदाब, अ‍ॅड्रेनॅलिनचा वापर झाला होता की नाही, आणि कोणता भाग उशिरा उजळला, हे लिहिले तरच पुढे त्या चित्राची आणि प्रत्यक्ष निष्पत्तीची तुलना करता येईल. ज्या पुराव्याची उणीव समीक्षकांना जाणवली तो अशाच नोंदींच्या पायावर उभ्या राहणाऱ्या चाचण्यांतून तयार व्हावयाचा आहे.

दुसरा परिणाम रुग्णाशी बोलण्यासंबंधी. संमतिपत्राच्या मराठी मसुद्यात 'यंत्राद्वारे रक्तपुरवठ्याची खात्री करण्यात येईल' अशा धर्तीचे वाक्य घातले, तर वाचणारी स्त्री त्याचा अर्थ त्वचा जगण्याची हमी असा घेईल. कारण मराठीत खात्री करणे आणि खात्री देणे यांतील अंतर फार थोडे आहे. पाटण तालुक्यातील शेतकरी स्त्रीला 'पाणी कुठवर पोचले ते यंत्रात दिसते, पीक तगेल की नाही ते पुढच्या दिवसांत कळते' या धर्तीवर सांगितले, तर तिला चाचणीचे मोल आणि तिची मर्यादा दोन्ही कळतील. आणि दुर्दैवाने कड काळी पडलीच, तर कोणीतरी आपल्याला फसविले असे तिला वाटणार नाही.

हा कॅमेरा महाग आहे आणि लहान रुग्णालयांत तो नसणे स्वाभाविक आहे. तो नसताना शस्त्रक्रिया अशास्त्रीय होते असे नाही, आणि तो असल्याने ती बिनधोक होते असेही नाही. साधन असो वा नसो, ऊतकाच्या शेवटच्या कडेपर्यंत काय पोचते याची चौकशी करीत राहणे आणि जे पाहिले तेवढेच पाहिले म्हणून सांगणे, हा नियम दोन्ही ठिकाणी सारखाच लागू आहे.